लिव्हर सिरॉसिस: दुर्बीण (एंडोस्कोपी) न घालता काय काय कळतं? पेशंट आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

सिरॉसिसचा पेशंट ओपीडीत आला की सोबत दोघं-तिघं नातेवाईक असतातच, आणि प्रश्न साधारण तेच असतात. मी इथं कोल्हापुरात लिव्हरच्या पेशंटांचं समुपदेशन करतो, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. हे वाचून कुणी गोळ्यांचे डोस ठरवायला बसू नका, ते डॉक्टरांचं काम. पण कुठली टेस्ट कशासाठी आणि तिच्यावर भरवसा किती, हे घरच्यांना माहीत असलं तर गोष्टी वेळेत लक्षात येतात, एवढं मी खात्रीनं सांगतो.

सिरॉसिस आहे हे कळलंय ना, मग आता परत कसल्या टेस्ट?

सिरॉसिस म्हणजे लिव्हरवर व्रण पडून पडून ते कडक आणि गाठाळ होणं. कारण दारू असेल, हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, नाहीतर शुगर-वजनातनं आलेलं फॅटी लिव्हर. नुसता सिरॉसिस असेपर्यंत माणूस हिंडता-फिरता असतो, शेतात जातो, दुकान बघतो. जिवावर बेततं ते पुढच्या गुंतागुंतीमुळं: रक्ताची उलटी, पोटात पाणी, मेंदूवर परिणाम, किडनी बसणं, इन्फेक्शन, आणि लिव्हरचा कॅन्सर.

यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ एकच, आतड्याकडनं लिव्हरकडं रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतलं वाढलेलं प्रेशर. पंचगंगेला पूर आला की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलट मागं फुगवटा येऊन वस्तीत शिरतं, तुम्ही बघितलंय. तसंच आतड्याकडनं येणारं रक्त कडक लिव्हरमधनं पुढं जाईना की ते मागं तुंबतं, प्लीहा मोठी होते आणि अन्ननलिकेतल्या बारक्या शिरा फुगतात. त्या फुगलेल्या शिरा म्हणजे व्हॅरिसेस, आणि रक्ताची उलटी बहुतेक वेळा त्यातनंच होते.

हे प्रेशर थेट मोजता येतं, पण त्यासाठी मानेतल्या शिरेतनं नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत न्यावी लागते. बीपीसारखंच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात: ५ पर्यंत नॉर्मल, १० किंवा जास्त म्हणजे धोक्याची पातळी, १२ च्या वर शिरा फुटायची भीती. टेस्ट चांगली आहे, पण मोजक्या मोठ्या सेंटरलाच होते आणि दर सहा महिन्यांनी कोण नळी घालून घेणार? म्हणून तेच प्रेशर बाहेरनं, सुई-नळी न घालता ओळखायचे मार्ग शोधले गेले. लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन त्यातलाच एक.

फायब्रोस्कॅन म्हणजे नेमकं काय करतात? दुखतं का?

दुखत नाही. उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागं घ्यायला लावतात, बरगड्यांच्या मधे जेल लावून एक जाड पेनसारखा प्रोब टेकवतात. मग टक-टक असे हलके ठोके बसतात. प्रत्येक ठोक्याची लाट लिव्हरमधनं किती वेगानं गेली ते मशीन मोजतं, लिव्हर जितकं कडक तितकी लाट जोरात पळते. असे किमान १० चांगले ठोके घेऊन मधला आकडा काढतात, आणि तो किलोपास्कलमध्ये लिहितात. पाच-दहा मिनिटांत उठून घरी.

रिपोर्टवर आयक्यूआर म्हणून एक टक्केवारी असते, तिच्याकडं कुणी बघत नाही, पण ती बघा. ३० टक्क्यांच्या वर असेल तर ठोके एकमेकांशी जुळलेले नाहीत, आणि आकडा ७ च्या वर असताना असं असलं तर त्या रिपोर्टवर फार विसंबू नये, टेस्ट परत करून घ्यावी. शेजारी कॅप असा दुसरा आकडा असतो, तो चरबीचा. बरेच जण दोन्हीची सरमिसळ करतात. सिरॉसिसच्या पेशंटनं किलोपास्कलवाला आकडा बघायचा.

सकाळी मिसळ खाऊन आलो तर चालतं का?

नाही चालत. जेवल्यावर लिव्हरकडं रक्त वाढतं आणि आकडा उगाच जास्त येतो, म्हणून किमान तीन तास पोटात काही नको. पाण्याचे दोन घोट चालतात.

आकडा खोटा वाढवणारी अजून कारणं आहेत. नुकतीच कावीळ होऊन एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला एक आकडा) खूप वाढलेलं असेल, पित्ताच्या नळीत अडथळा असेल, हार्ट फेल्युअरनं लिव्हरमध्ये रक्त साचलं असेल, किंवा दारू अजून चालू असेल. शेवटचं कारण आपल्याकडं फार सापडतं. दारू बंद करून काही आठवड्यांनी तीच टेस्ट केली तर आकडा बराच खाली आलेला दिसू शकतो, म्हणून पिण्याचं डॉक्टरांपासून लपवू नका, तुमच्याच रिपोर्टचा चुकीचा अर्थ निघतो. पोटात पाणी असेल तर फायब्रोस्कॅन धड होतच नाही, लाट पाण्यातनं पुढं जात नाही. वजन जास्त असलेल्यांना एक्सएल प्रोब लागतो, तो तिथं आहे का हे आधीच विचारून घ्या.

आकडा २२ आलाय. म्हणजे किती वाईट?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. इटलीत बावेनो नावाच्या गावात या विषयातले जगभरचे डॉक्टर काही वर्षांनी जमतात आणि नियम ठरवतात, २०२१ च्या बैठकीतले नियम सध्या बहुतेक ठिकाणी वापरतात. त्यांनी पाच-पाचच्या टप्प्यांत सोपं करून ठेवलंय. १० च्या खाली असेल आणि बाकी काही खूण नसेल तर पुढारलेला आजार नसावा. १० ते १५ म्हणजे शंका. १५ च्या वर म्हणजे पुढारलेला आजार जवळपास नक्की. २५ किंवा त्यापुढं म्हणजे दारू, हिपॅटायटिस बी-सी किंवा लठ्ठपणा नसलेल्या फॅटी लिव्हरच्या पेशंटमध्ये पोर्टल प्रेशर धोक्याच्या पातळीवर गेलंय असंच धरायचं.

आता २२. इथं प्लेटलेट बघायच्या. प्लीहा मोठी झाली की प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात आणि रक्तात कमी दिसतात, म्हणून सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीतला हा आकडा प्रेशरची खबर देतो. २० ते २५ च्या मधे किलोपास्कल आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, तर प्रेशर वाढलेलं असण्याची शक्यता बरीच. उलट आकडा १५ किंवा कमी आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त, तर ते धोक्याचं प्रेशर नाही असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं.

एकट्या आकड्यावरनं घरात रडारड करू नका आणि एकट्या आकड्यावर निर्धास्तही राहू नका. मागच्या वर्षीचा आकडा, प्लेटलेट, सोनोग्राफी सगळं शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय २२ ला अर्थ नाही.

मग दुर्बीण टाळता येते का नाही?

काहींची टाळता येते. किलोपास्कल २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर, दोन्ही एकदम असतील तर मोठ्या, उपचार लागणाऱ्या व्हॅरिसेस असण्याची शक्यता इतकी कमी की नुसती तपासणी म्हणून एंडोस्कोपी लगेच करायची गरज नाही. हा नियम २०१५ पासून आहे. त्यांनी दरवर्षी फायब्रोस्कॅन आणि प्लेटलेट करत राहायचं, आणि दोन्हीतलं एक जरी बिघडलं तरी दुर्बीण. काही ठिकाणी प्लीहेचा कडकपणाही मोजतात, तो ४० किलोपास्कलपर्यंत असला तर दुर्बिणीची घाई नसते.

पण याचा अर्थ "दुर्बीण वाईट" असा काढू नका. नियमात बसत नाही त्याची एंडोस्कोपी पाच-दहा मिनिटांची असते आणि फुगलेली शीर वेळेत दिसली तर तिला रबरबँड लावता येतो. "आमच्या आबांना दुर्बीण सोसायची नाही" म्हणून टाळत राहिलेले आणि नंतर रात्री रक्ताची उलटी होऊन आलेले पेशंट मी बघितलेत. बाहेरच्या टेस्टचं काम कुणाला दुर्बीण लागते ते ओळखणं, ज्याला लागते त्यानं ती करून घ्यायची.

वडिलांना बीपी नाही, तरी बीपीची गोळी का लिहून दिली?

ती बहुतेक कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल असणार. इथं ती पोर्टल शिरेतलं प्रेशर कमी करायला देतात. पूर्वी दुर्बिणीत शिरा दिसल्यावरच द्यायचे, आता फायब्रोस्कॅन-प्लेटलेटवरनं प्रेशर वाढलंय असं दिसलं की दुर्बीण न करताही सुरू करतात, आणि गोळी व्यवस्थित चालू असेल तर नुसत्या तपासणीसाठी एंडोस्कोपी लागतही नाही. २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा गोळ्यांनी पोटात पाणी होण्याचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं.

दम्याच्या पेशंटनं आधी सांगावं. चक्कर येत असेल, वरचं बीपी ९० च्या आसपास यायला लागलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, पण मनानं एकदम बंद करू नका.

रक्ताच्या रिपोर्टवरनंच सगळं कळत नाही का? तेवढंच स्वस्त पडतं.

बरंच कळतं, आणि गारगोटी-गगनबावड्याकडच्या माणसाला हेच आधी हाताशी असतं. फिब-४ नावाचा हिशोब आहे: वय गुणिले एसजीओटी, त्याला भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ५२, एसजीओटी ८०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख १० हजार म्हणजे हिशोबात ११०. वर ४१६०, खाली ७७०, उत्तर ५.४. १.३ च्या खाली असतं तर काळजी कमी, २.६७ च्या वर म्हणजे पुढारलेला आजार असण्याची दाट शक्यता, त्यामुळं ५.४ वाल्यानं फायब्रोस्कॅन आणि पोटविकारतज्ज्ञ लांबवू नयेत. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशोब नीट लागू पडत नाही, आणि ६५ च्या पुढं १.३ ऐवजी २ धरतात.

आजार किती पुढं गेलाय ते सांगणारा चाईल्ड-प्यू स्कोअर म्हणजे बिलिरुबिन (कावीळ), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), पोटातलं पाणी आणि मेंदूची स्थिती यांचे मार्क. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी. मेल्ड या दुसऱ्या स्कोअरमध्ये बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) आणि आता सोडियमही धरतात, १५ च्या पुढं गेला की ट्रान्सप्लांटचं बोलणं सुरू करायला हवं. बोलणं सुरू करणं म्हणजे उद्या ऑपरेशन नाही, पण पुण्या-मुंबईच्या सेंटरला पेशंट चांगला असताना एकदा दाखवलेला बरा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून पेढे वाटू नका, सिरॉसिसमध्ये ते नॉर्मल असूनही लिव्हर खिळखिळं झालेलं असू शकतं. खरी खबर अल्ब्युमिन, आयएनआर, बिलिरुबिन आणि प्लेटलेट देतात.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला? मागची तर नॉर्मल होती.

कॅन्सरसाठी. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये गाठ गुपचूप वाढते, दुखत नाही, आणि दुखायला लागते तेव्हा बऱ्याचदा हाताबाहेर गेलेली असते. सहा महिन्यांचं अंतर गाठ किती वेगानं वाढते त्यावरनं ठरवलंय, म्हणून "यंदा उसाची तोड चालू आहे, पुढच्या वर्षी बघू" असं करू नका. सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी करतात, पण एएफपी नॉर्मल असूनही गाठ असू शकते, त्यामुळं नुसतं एएफपी पुरेसं नाही.

गाठ दिसली तर पुढं ट्रायफेजिक सीटी (शिरेतनं रंगाचं औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी) किंवा एमआरआय. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये १ सेंटीमीटर किंवा मोठी गाठ पहिल्या टप्प्यात औषध जोरात ओढून घेते आणि नंतर पटकन सोडते असं ठरावीक चित्र दिसलं, तर सुई घालून तुकडा न काढताही कॅन्सरचं निदान करता येतं.

याच सोनोग्राफीत डॉप्लर लावून पोर्टल शिरेतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय, तिथं गुठळी आहे का, प्लीहा किती मोठी आहे आणि हाताला न लागणारं थोडंसं पाणी आहे का, हेही बघतात. फॉर्मवर "सिरॉसिस, डॉप्लरसह" असं डॉक्टरांकडनं लिहून घ्या, नाहीतर साधी पोटाची सोनोग्राफी होऊन येते.

पोटात पाणी झालंय. सुई न लावता निदान होत नाही का?

पाणी आहे हे सोनोग्राफीत कळतं, ते का झालंय आणि त्यात इन्फेक्शन आहे का हे कळत नाही. म्हणून पहिल्यांदा पाणी झालं की, किंवा पाणी असलेल्या पेशंटला ताप, पोटदुखी, गुंगी आली किंवा तो ॲडमिट झाला की सुईनं थोडं पाणी काढून तपासावंच लागतं. त्यात न्यूट्रोफिल पेशी २५० च्या वर असतील तर इन्फेक्शन धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. "पाणी काढलं की परत भरतं" या भीतीनं नमुनाही काढू देत नाहीत काही जण, ते फार महागात पडतं. पाणी परत भरतं ते प्रेशर आणि मिठामुळं, सुईमुळं नव्हे.

घरात एक वजनकाटा ठेवा. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन आणि बेंबीवरनं पोटाचा घेर वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. पाण्याच्या गोळ्या चालू असताना पायाला सूज नसेल तर रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत. मीठ दिवसाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. आपल्याकडं हे अवघड जातं, मला मान्य आहे. कांदा-लसूण चटणी, खर्डा, लोणचं, पापड, फरसाण, वरनं तांबडा रस्सा, सगळ्यातच मीठ. निदान पानात वरनं मीठ घेणं आणि लोणचं-पापड-फरसाण तरी पूर्ण बंद.

आई मधेच विसरते, रात्री जागते, दिवसा झोपते. वयामुळं असेल का?

वय म्हणून सोडून देऊ नका. लिव्हरला अमोनियासारखे पदार्थ साफ करता आले नाहीत की मेंदूवर परिणाम होतो, आणि त्याची पहिली खूण बऱ्याचदा झोप उलटीपालटी होणं हीच असते. हे ओळखायला स्कॅन लागत नाही. दोन्ही हात पुढं करून पंजे वर उचलायला सांगा, पंजे मधेच खाली पडून परत वर येत असतील तर ती खूण आहे.

दुसरी टेस्ट, एका मिनिटात जितकी आठवतील तितकी जनावरं सांगायची. आमच्याकडं एक शेतकरी आजोबा आले होते, सगळं आयुष्य गोठ्यात गेलेलं. गाय, म्हैस, बैल, रेडकू इथपर्यंत भराभर आले, मग थांबले, परत "म्हैस" म्हणाले, आणि मिनिट संपेपर्यंत सातच झाली. दहाच्या खाली म्हणजे डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, पंधराच्या वर असेल तर बरं. औषध चालू झाल्यावर तेच आजोबा पुढच्या वेळी शेळी, बोकड, कोल्हा, रानडुक्कर करत सुटले, सुनेला हसू आवरेना. घरी महिन्यातनं एकदा करा, पण आकडा लिहून ठेवा. सहीकडंही लक्ष द्या. डेअरीच्या किंवा सोसायटीच्या कागदावरची सही वर्षापूर्वीच्या सहीशी ताडून बघितली की बदल डोळ्यांना दिसतो.

नुसत्या अमोनियाच्या आकड्यावर निदान करत नाहीत, तो वाढलेला असूनही माणूस शुद्धीत असतो. पण माणूस गोंधळलेला आणि अमोनिया नॉर्मल, तर मग दुसरं कारण शोधायला पाहिजे. बद्धकोष्ठता, इन्फेक्शन, रक्तस्राव, सोडियम-पोटॅशियम बिघडणं, झोपेच्या गोळ्या यामुळं हे वाढतं. लॅक्ट्युलोज (संडास साफ करणारं पातळ औषध) दिलं असेल तर दिवसाला दोन-तीनदा मऊ संडास होईल इतकं घ्यायचं, जुलाब होईस्तोवर नाही. आणि अशा माणसाच्या हातात टू-व्हीलरची किल्ली देऊ नका.

क्रिएटिनिन १.१ आहे, लॅबच्या रेंजमध्ये आहे. मग डॉक्टर काळजी का करतात?

क्रिएटिनिन स्नायूंमधनं तयार होतं आणि सिरॉसिसमध्ये स्नायू झडलेले असतात, त्यामुळं किडनी बिघडूनही आकडा कमीच दिसतो. म्हणून आधीच्या आकड्याशी तुलना करायची. ४८ तासांत ०.३ नं वाढलं तरी ते किडनीला इजा झाल्याचं लक्षण धरतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधनं डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या आणू नका, किडनीलाही मार आणि रक्तस्रावाचीही भीती. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

दम लागतो, पण छातीचा एक्स-रे चांगला आहे.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बाहेर काढा. आडवं असताना आणि उठून बसल्यावर, दोन्ही वेळा ऑक्सिजन बघा. ९६ च्या खाली राहत असेल, किंवा बसल्यावर लक्षात येईल इतका उतरत असेल, तर लिव्हरमुळं फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पसरल्याची शंका घेतात. त्यासाठी हाताच्या शिरेतनं हलवलेलं सलाईन देऊन टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात आणि बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला कधी पोचतात ते बघतात. फुफ्फुसातलं प्रेशरही इकोतच कळतं.

ताकद गेलीय, पण डॉक्टर खा म्हणतात आणि गावातले लोक खाऊ नका म्हणतात.

डॉक्टरांचं ऐका. हातानं दाबायचं एक यंत्र असतं, पकड किती किलोची ते सांगतं, सोबत खुर्चीवरनं हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं आणि तोल सांभाळणं, यावरनं पेशंट किती खचलाय ते कळतं. तरुणपणी तालमीत गेलेल्या माणसाची पकड बारीक पोराएवढी भरते तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा पटतं. "कावीळ आहे, नुसती भाजी-भाकरी द्या" हा सल्ला स्नायू अजून झडवतो. अंडी, पिठलं, डाळी, दही, दूध द्या, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, कारण रात्रभराचा उपासही या पेशंटला जड जातो. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र नको, या पेशंटला इन्फेक्शन पटकन होतं, दूध उकळूनच.

कुठल्या वेळी टेस्टच्या नादाला न लागता थेट दवाखाना गाठायचा?

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी संडास (लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी संडास काळी होते, पण सिरॉसिसच्या पेशंटनं ते आपल्या मनानं ठरवू नये), ताप आणि पोटदुखी, असंबद्ध बोलणं किंवा न उठणारी झोप, लघवी एकदम कमी होणं. १०८ ला फोन करा, आणि एंडोस्कोपीची सोय असलेल्या ठिकाणी न्या. रक्ताच्या उलटीत बीपी सावरल्यावर साधारण १२ तासांच्या आत दुर्बीण व्हायला हवी, तिथं फायब्रोस्कॅनचा काही उपयोग नाही.

हे सगळं कोल्हापुरात होतं का, आणि येताना काय आणायचं?

सीबीसी, एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), आयएनआर, क्रिएटिनिन, सोनोग्राफी तालुक्यालाही होतं. फायब्रोस्कॅनचं मशीन सगळीकडं नसतं, पोटविकारतज्ज्ञांकडं आधी फोन करून विचारा, अधूनमधून कॅम्पही लागतात. हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला असेल तर राष्ट्रीय कार्यक्रमात, २०१८ पासून, तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात चौकशी करा. ॲडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

येताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून आणा, फायब्रोस्कॅनचा मूळ कागद आणा, मोबाईलमधला अर्धवट फोटो नको. वजनाची वही, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि झाडपाल्याचं किंवा काढ्याचं काही घेत असाल तर तेही पिशवीत घालून आणा, कुणी रागावणार नाही. आणि पेशंटसोबत रोज राहणारं माणूस आणा, फक्त गाडी चालवणारं नव्हे, कारण झोप, संडास आणि विसरणं याबद्दल डॉक्टर त्यालाच विचारणार आहेत.